शेंदरी ठिपक्यांच्या माश्या

कल्याण, १५ सप्टेंबर २०२५

चि. विनिता,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, बाबांचा फोन बिघडला. फोन ठीक आहे. पण आपल्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं आईला ऐकू जातं, आणि मी घरचं काही काढलं की तुला मीटिंग असते. पत्राला मीटिंग सांगता येत नाही. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून घेतला, तिच्यावर रागावू नकोस.

इथे बरं चाललंय. आईचे गुडघे दुखतात, पण हल्ली ती संध्याकाळी भजनाला जायला लागली आहे. कुठलं मंडळ, कोण बायका, मी विचारत नाही. घराबाहेर पडते तेवढं पुष्कळ आहे.

पितृपक्ष चालू आहे. मजल्यावर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून वड्यांचा वास येतो. आपल्याकडे काही नाही. रतनसाठी पान ठेवायचं की नाही हे गेल्या वर्षीही ठरलं नाही आणि यंदाही कोणी विषय काढला नाही. कावळे मात्र आपल्याही खिडकीच्या ग्रिलवर येऊन बसतात. आई त्यांना फडकं घेऊन हाकलते. काल एक जण जाईचना. ती बराच वेळ फडकं उगारून त्याच्यासमोर उभी राहिली आणि मग आत निघून गेली.

डॉक्टरांनी मला सकाळी चालायला सांगितलंय. मी शहाडच्या बाजूला जातो. तुला म्हणून सांगतो, रतनच्या भिंतीपर्यंत जातो.

तू ती जागा कधी बघितली नाहीस. नदीच्या अलीकडे एक बंद पडलेली वीटभट्टी आहे. तिथे कामगारांची एक खोली होती, तिचं छप्पर गेलं आणि मातीची भिंत तेवढी राहिली. त्या भिंतीला बोट जाईल एवढी भोकं आहेत, आणि प्रत्येक भोक एकेका मधमाशीचं. आपल्याला माहीत असलेल्या माश्या या नव्हेत. यांचं पोळं नसतं, राणी नसते, मध काढून खावा असं काही नसतं. अंगावर निळे पट्टे असतात. मादी एकटीच भोक करते, आत पराग साठवते, अंडी घालते, तोंड मातीने बंद करते आणि काही आठवड्यांत मरून जाते. पिल्लं नंतर केव्हातरी बाहेर येतात. आई पोरांना बघत नाही, पोरं आईला बघत नाहीत. तरी पुढच्या हंगामात भिंत तीच. रतन हे सांगायचा तेव्हा मी पेपर वाचत असायचो. आता तिथे दगडावर बसून बघतो तर सगळं आठवतं, त्याच्या आवाजासकट.

गेल्या वर्षीच्या पुराचं पाणी भिंतीच्या अर्ध्यापर्यंत चढलेलं, त्याची रेघ अजून दिसते. रेघेच्या वर भोकं आहेत, खाली नाहीत. भिंत पडेल म्हणून रतन त्या पुरात बघायला गेला होता. भिंत उभी आहे.

आज एका माशीच्या पाठीवर मला काहीतरी रंगीत दिसलं. ऊन असेल.

तब्येतीला जप.

बाबा

कल्याण, २९ सप्टेंबर २०२५

चि. विनिता,

ऊन नव्हतं.

मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं नाही, पण पूर्ण लिहिलंही नाही. ती माशी मी त्या आठवड्यात पुन्हा बघितली, आणि तिच्यासारख्या आणखी काही. प्रत्येकीच्या पाठीवर, पंखांच्या मध्ये, जरा उजवीकडे, एक शेंदरी ठिपका. नीट गोल.

रतनचं काम काय होतं ते तुला नीट कधी कळलं का? मला तरी उशिरा कळलं, तेही त्याने माझ्या भाषेत सांगितलं म्हणून. वागळे इस्टेटला आमच्या टूलरूममध्ये नटांचं पिंप असायचं. तो म्हणाला, बाबा, आत किती नट आहेत ते सगळे न मोजता कसं सांगाल? मूठभर बाहेर काढा, रंग लावा, परत टाका, ढवळा. पुन्हा मूठभर काढा. त्यात रंगवलेले जितके कमी निघतील तितकं पिंप मोठं. माश्यांचं तो तेच करायचा. पकडून ठिपका लावायचा, सोडायचा, पुन्हा पकडायचा, आणि त्यावरून भिंतीत एकूण किती आहेत, यंदा वाढल्या की घटल्या, हे काढायचा. ठिपक्याला तुझी शेंदरी नेलपेंट. तू केवढी भांडायचीस त्याच्याशी. खास रंगाची पेनं सुकतात, ही टिकते, असं त्याचं म्हणणं. ती बाटली त्याच्या सॅकमध्ये असायची.

आणि सॅक अजून सापडलेली नाही.

मी मुकुलला भेटायला ठाण्याला गेलो. मुकुल म्हणजे रतनबरोबर संशोधन करायचा तो, आता तिथल्याच कॉलेजात शिकवतो. मोबाइलवर काढलेले फोटो त्याला दाखवले. त्याने ते कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. मग म्हणाला, काका, हे आमच्यापैकी कुणाचं काम नाही. रतन गेल्यावर ते काम बंदच झालं, शहाडला कोणी जात नाही.

मी विचारलं, जुने ठिपके असतील का. तो म्हणाला, या माश्या जेमतेम काही आठवडे जगतात. हा ठिपका या गणपतीच्या आसपासचा आहे, त्याआधीचा असूच शकत नाही.

विनू, मी परत येताना ठाणे स्टेशनवर बाकावर बसून राहिलो. तीन गाड्या गेल्या असतील.

तू रागावशील, पण विचार करून बघ. मोटरसायकल पुलापाशी सापडली. बोटीवाल्यांनी नदी पार खाडीपर्यंत शोधली. काही मिळालं नाही. मिळालं असतं तर मी हे लिहिलं नसतं. डोक्याला मार लागून माणसं स्वतःचं नाव विसरतात, हात मात्र काम विसरत नाहीत. टूलरूममधले आमचे तानाजी आजारपणानंतर बायकोला ओळखत नव्हते, पण हातात कानस दिली की घासायला लागायचे.

मी आता नदीच्या खालच्या अंगाच्या गावांत त्याचा फोटो घेऊन फिरतोय. सरकारी हॉस्पिटलात, मठांत. आईला अजून बोललेलो नाही.

बाबा

कल्याण, २४ ऑक्टोबर २०२५

चि. विनिता,

तुझा फोन आला तेव्हा मी जिन्यात होतो, म्हणून नीट बोलता आलं नाही. तू म्हणालीस, "बाबा, आई तशी आहेच, आता तुम्हीपण?" आणि रडायला लागलीस. तुझं रडणं मी किती दिवसांनी ऐकलं. मी शब्द दिला की मुकुलला पुन्हा विचारीन, तो काय म्हणेल ते ऐकीन. तो शब्द पाळतोय. उद्या त्याच्याकडे जाणार आहे.

पण त्याआधी दिवाळीचं लिहितो.

मी आईला सांगून टाकलं. राहवलंच नाही. ती भाकरी थापत होती. मी तिला ठिपक्यांचं सांगितलं, फोटो दाखवले, मुकुल काय म्हणाला ते सांगितलं. मला वाटलेलं ती आनंदाने उडी मारेल. इतके दिवस सगळ्या जगाशी भांडून तीच तर म्हणत होती की तो आहे. तिने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा हलली. म्हणाली, "तुम्ही आधी दोन घास खाऊन घ्या." बस्स, एवढंच.

मी खाल्लं. पोटभर खाल्लं. तेव्हा लक्षात आलं की वर्षभर मी ताटात नुसता हात फिरवून उठत होतो.

मग मी आकाशकंदील आणला. गेल्या दिवाळीला आपल्या खिडकीत अंधार होता, तुला माहीत आहे. यंदा लावला, मोठा, शेंदरी. म्हटलं, नाव विसरला असला तरी उजेड तर बघेल. शेजारचे मला काही म्हणाले नाहीत, पण दारासमोरून जाताना पावलं हळू करायचे. आई कंदिलाच्या खाली बसून वाती वळत होती. मध्येच वर बघायची. मी विचारलं, रंग आवडला का? ती म्हणाली, आवडला.

संध्याकाळचं तिचं भजन दिवाळीतही चुकलं नाही. पाडव्यालासुद्धा गेली.

एक सांगतो, हसू नकोस. मला हल्ली घरात त्या माशीचा आवाज येतो. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलाला ती लटकते आणि अंग थरथरवून पराग पाडते, तेव्हा एक बारीक, उंच सूर निघतो. रतन तोंडाने काढून दाखवायचा. तो सूर मला मोरीत, कपाटाशी, त्याच्या गादीच्या वळकटीपाशी येतो. मी जवळ गेलो की थांबतो. आईला विचारलं, तुला येतो का. ती म्हणाली, मला कधीपासूनच येतो.

बाबा

कल्याण, ३ नोव्हेंबर २०२५

चि. विनिता,

हे पत्र निवांत वाच. ऑफिसात उघडू नकोस.

मुकुलने फोटो पुन्हा बघितले आणि या खेपेला त्याला एक गोष्ट दिसली. ठिपका असलेल्या सगळ्या माश्या नर आहेत. मादीच्या मागच्या पायांवर परागाचे झुबके असतात, यांचे पाय मोकळे. शिवाय नराच्या अंगावर एक पट्टा जास्त असतो. रतन जाळीने पकडायचा, त्याच्यात नर-माद्या दोन्ही यायच्या. मुकुल म्हणाला, हे ज्याने केलंय त्याला जाळी मारता येत नसणार. नर रात्री भोकात झोपत नाहीत. सूर्य उतरला की गवताच्या वाळक्या काडीला जबड्याने चावून धरतात, पाय पोटाशी घेतात आणि तसेच लटकून झोपतात, रांगेने, रोज त्याच काडीवर. तेव्हा जवळ जाऊन हळूच ठिपका लावता येतो. "काका," तो म्हणाला, "सकाळी जाऊन तुम्हाला कोणी दिसणार नाही. संध्याकाळी जा. पण मनाची तयारी करून जा."

मी परवा गेलो. आईला म्हटलं, मुकुलकडे जातो. ती भजनाला निघायच्या आधीच मी रिक्षा केली.

भट्टीच्या चिमणीमागे उभा राहिलो. पलीकडे भाजीचे वाफे, त्यापलीकडे नदी. ऊन पिवळं झालेलं. भिंतीवरची ये-जा कमी होत गेली, मग थांबली. समोरच्या गवतावर एकेक नर येऊन बसायला लागला. डास चावत होते, मी हललो नाही.

मग गवतात कोणीतरी दिसलं. पाठमोरं, वाकलेलं. अंगात रतनचा निळा चौकड्यांचा शर्ट. कॉलर वर केलेली, तो करायचा तशी.

विनू, मी गवतात शिरलो. माझ्या तोंडून "रतन" असं निघालं, ओरडून नाही, त्याला शाळेसाठी उठवायचो तसं.

ती वळली. शर्टाखाली साडी होती. हातात नेलपेंटची बाटली आणि लहानसा ब्रश.

आई म्हणाली, "हळू बोला. झोपलेत."

मी तिथेच खाली बसलो. माझ्यापुरता तो त्या क्षणी पुन्हा गेला. गेल्या वर्षी गेला तेव्हा निदान पाऊस होता, माणसं होती, बोटी होती. या खेपेला काही नव्हतं. समोर एक काडी होती आणि तिला पाच-सहा माश्या लटकलेल्या.

आईने हातातलं काम पूर्ण केलं. शेवटच्या माशीला ठिपका लावला, तिच्यावर फुंकर घातली, बाटलीचं झाकण लावलं. मग माझ्याशेजारी येऊन बसली. तिथे बसून ती जे बोलली ते ती वर्षभरात बोललेली नव्हती.

मी टूलरूमच्या ओव्हरटाइमला असायचो त्या रविवारी ती रतनबरोबर इथे यायची, हे मला माहीतच नव्हतं. तो ठिपका लावायचा आणि ती काडी धरायची, हलू नये म्हणून. त्याने तिला शिकवलेलं, उजवीकडे लाव आई, डावीकडे मुकुल लावतो. तो गेल्यावर पहिला हंगाम तिने घरात काढला. यंदा माश्या निघायची वेळ झाली आणि तिला वाटायला लागलं की परत आला तर ओरडेल, माझं काम पडून राहिलं म्हणून. कल्याणला दुकानात जाऊन तिने आठवणीने रंग सांगितला. दुकानातली मुलगी म्हणाली, मावशी, तुम्हाला लाल शोभेल.

"मी पहिल्यांदा लावलेले आठ-पंधरा दिवस दिसत होते," ती म्हणाली. "मग एकेक कमी झाला. मी खाली गवतात शोधायची. एकाचंही काही सापडलं नाही हो. एवढे मरतात आणि काही सापडत नाही. तेव्हा मला कळलं."

मी विचारलं, काय कळलं. ती नदीकडे बघत राहिली.

मग मी ते विचारलं जे मला सगळ्यात जास्त लागलं होतं. तुला कळलेलं, तर मी फोटो दाखवले तेव्हा का बोलली नाहीस? मी गावोगाव फिरत होतो. कंदील लावला. तू बघत होतीस.

ती म्हणाली, "तुम्ही जेवायला लागलात."

थोड्या वेळाने म्हणाली की ती दोन दिवस थांबलीही होती. ठरवलेलं, आता लावायचं नाही, जुने मरतील, नवे होणार नाहीत, तुम्हाला आपोआप समजेल. तेव्हा मी सकाळी भिंतीकडून येऊन म्हटलेलं, आज एकच दिसला. आणि ताट सरकवून दिलेलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बाटली घेऊन आली.

मला राग आला नाही, असं म्हणणार नाही. आला. पण तो कुणावर काढू? तिने शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या, डास फार आहेत म्हणाली. आम्ही रस्त्यापर्यंत आलो. मोठ्या गटारावरची फळी ओलांडताना मी तिचा हात धरला, तो तिने रिक्षातही सोडवून घेतला नाही.

मुकुलला फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाला, काका, काकूंना विचाराल का, लावलेल्यांपैकी परत किती दिसले ते त्यांना आठवतं का? कामाला उपयोग होईल. मी चिडणार होतो. पण आई पलीकडून म्हणाली, द्या इकडे फोन. दोघं बराच वेळ बोलत होते. भिंतीत यंदा पुरानंतरही माश्या बऱ्याच आहेत म्हणे. वरच्या भोकांनी भिंत भरून काढली.

बाबा

कल्याण, १६ नोव्हेंबर २०२५

चि. विनिता,

तुझं पत्र मिळालं. तू हाताने लिहिलेलं पत्र मी तुझ्या शाळेनंतर पहिल्यांदा वाचलं. तू विचारलं आहेस की आई कशी आहे, आणि हे विचारायला तुला दोन पानं लागली. समजलं मला.

आई झोपते. आधी झोपायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडायची. आता खरंच झोपते. मी रात्री उठून तिचा श्वास बघतो, ही माझी नवी सवय. घरात तो सूर अजून येतो. आता दोघांनाही एकाच वेळी येतो आणि आम्ही एकमेकांकडे बघतो. कधी कधी मला वाटतं तो थांबू नये.

शहाडला आम्ही दोघं जातो, ती जाते त्या वेळी. माझे हात कापतात म्हणून ती मला ब्रश देत नाही. हंगाम संपत आलाय, काड्या रिकाम्या व्हायला लागल्यात. भट्टीच्या जागेवर मोजणीवाले येऊन चुन्याची फक्की मारून गेलेत. इमारत होणार असेल. मुकुल म्हणतो, पावसाआधी त्या भिंतीचे तुकडे कापून कॉलेजच्या मागे नेता येतील का ते बघू. माश्या तिथे राहतील का, ते त्यालाही सांगता येत नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या सोमवारी आई स्वतः गुरुजींच्या घरी गेली. गेल्या वर्षी तू ज्यांना घेऊन आलेलीस आणि जे आपल्या उंबऱ्यावरून परत गेले, त्यांच्याकडेच. त्या दिवशी ती तुला म्हणालेली, तू माझ्या पोराला मारायला आलीस, आणि तू बॅग उचललीस. त्यावर ती माझ्याशी काही बोललेली नाही, आणि मी तिला बोलायला लावणार नाही. पण गुरुजींकडून येऊन तिने मला सांगितलं की विधी करायचा, आणि अग्नी विनू देईल. गुरुजी म्हणाले चालेल. देह नसला की दर्भाचा माणूस करतात, पुरुषभर उंचीचा, आणि त्याला रीतसर अग्नी देतात. डिसेंबरचा पहिला रविवार धरलाय. तुला सुट्टी मिळेल का ते कळव. नाही मिळाली तर दिवस बदलू.

खाली आईला जागा ठेवतोय. तिने मागून घेतली आहे.

बाबा

विनू,

वर बाबांनी काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. गुरुजी म्हणाले, दर्भाचा पुतळा ते करून आणतील. मी म्हटलं नको, मी करते. ते म्हणाले, आईने करायचा नसतो. मी म्हटलं, आधीचा मीच केला होता. मग त्यांनी दर्भ किती लागतो ते सांगितलं.

हातपाय मला एकटीला जमतील. डोकं बांधताना दुसऱ्या कुणीतरी धरावं लागतं. आदल्या दिवशी ये.

आई